पहिलं जुनं स्विस घड्याळ: मोजक्या पैशांत, पण योग्य क्रमाने

जुनं स्विस घड्याळ घेताना लोक फसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा माहितीची कमतरता नसते. क्रम उलटा असतो. आधी एखादा फोटो आवडतो, मग तेच घड्याळ घेण्यासाठी कारणं शोधली जातात, पैसे गेल्यावर झाकण उघडलं जातं आणि सर्व्हिसिंगचा खर्च सगळ्यात शेवटी कळतो. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. एखादा गाळलात तर पुढचा कामाचा राहत नाही.

इथे ‘जुनं’ म्हणजे साधारण १९५० ते १९७५ या काळातलं चावीचं किंवा ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ. त्याआधीच्या घड्याळांचे सुटे भाग मिळवताना दमछाक होते आणि त्यानंतर क्वार्ट्झची, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांची लाट येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. मशीन दुरुस्त होतं, डायल होत नाही. थकलेलं पण प्रचलित मशीन आणि अस्सल डायल असलेलं घड्याळ घेण्यासारखं असतं. मशीन झकास पण डायल नव्याने रंगवलेली असेल, तर ते घड्याळ सोडून द्यायचं. नवखे खरेदीदार नेमकं उलट करतात, कारण रंगवलेली डायल फोटोत जास्त देखणी दिसते.

## टप्पा १: पैसे आधीच वेगळे काढा

एकूण रकमेचे दहा भाग करा. सहा भाग घड्याळासाठी, तीन सर्व्हिसिंगसाठी आणि एक पट्टा, काच, किल्ली (बाजूची फिरवायची घुंडी) अशा किरकोळ गोष्टींसाठी. सर्व्हिसिंगचे तीन भाग म्हणजे नसलेले पैसे समजा. घासाघीस करताना त्यांना हात लावायचा नाही.

विक्रेता काहीही म्हणो, घड्याळाचं सर्व्हिसिंग झालेलं नाही असंच धरून चाला. पावती असेल, तारीख असेल, काय काम केलं ते लिहिलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. ‘व्यवस्थित चालू आहे’ याचा अर्थ काटे फिरतात, एवढाच. वाळलेल्या तेलावरही घड्याळ बरेच दिवस चालतं आणि तेवढे दिवस आतले भाग झिजत राहतात.

साध्या तीन काट्यांच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग नाव मोठं असो की छोटं, जवळपास तेवढ्याच मेहनतीचं असतं. म्हणून अगदी स्वस्तातलं घड्याळ बऱ्याचदा स्वस्त पडत नाही. दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

## टप्पा २: काय हवं ते एका ओळीत लिहा

पहिल्या खरेदीसाठी माझी शिफारस सरळ आहे: स्टीलची केस (बाहेरचं कवच), तीन काटे, चावीचं मशीन, हवी तर तारीख. ऑटोमॅटिक वाईट नाही, पण त्यात भाग जास्त, झिजण्याच्या जागा जास्त आणि सर्व्हिसिंगही थोडं महाग.

नावांमध्ये टिसॉट, सर्टिना, मिडो, रोमर, एनिकार, सायमा, फेव्हर ल्यूबा यांच्याकडे बघा. ओमेगा आणि लॉन्जिन्सची साधी मॉडेल्सही कधी कधी बजेटात बसतात, मात्र नाव जितकं मोठं तितकी जोडतोड जास्त. एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे असली घड्याळं ओमेगाच्या नावाने जितकी फिरतात तितकी सर्टिनाच्या नावाने फिरत नाहीत. त्याच पैशांत फसवं ओमेगा घेण्यापेक्षा उत्तम सर्टिना घ्या.

नावापेक्षा मशीन महत्त्वाचं. त्या काळी अनेक स्विस कंपन्या ईटीए, ए. शिल्ड म्हणजे एएस, एफएचएफ, पेसो, युनिटास यांच्याकडून मशीन घेत आणि डायलवर स्वतःचं नाव छापत. पहिल्या घड्याळासाठी ही चांगली बातमी आहे: अशी मशीन मोठ्या संख्येने बनली, घड्याळजींना ती ओळखीची आहेत आणि सुटे भाग अजून सापडतात. ओमेगाचं ३० मिलिमीटरचं चावीचं मशीन (कॅलिबर, म्हणजे मशीनचा मॉडेल क्रमांक, २६५ पासून २८६ पर्यंतचं कुटुंब) स्वतःचं असूनही विपुल आहे. रोमर किंवा फेव्हर ल्यूबाची स्वतःची मशीन चांगली असतात, पण भाग लागला तर दुसरं मोडकं घड्याळ शोधून त्यातून काढावा लागतो. घ्यायला हरकत नाही, हे माहीत असू द्या म्हणजे झालं.

पहिल्या वेळी टाळा: क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली घड्याळं), गजराची घड्याळं, पाण्याखाली वापरायची घड्याळं, भरीव सोन्याची घड्याळं आणि अगदी लहान मशीनची नाजूक घड्याळं. क्रोनोग्राफ सगळ्यात मोहात पाडतो आणि सर्व्हिसिंगच्या वेळी सगळ्यात जास्त रडवतो.

‘स्विस मेड’ लिहिलेल्या प्रत्येक घड्याळात चांगलं मशीन असेलच असं नाही. पिन लिव्हर जातीची (ज्वेलऐवजी धातूच्या पिना वापरणारी) स्वस्त मशीनही स्वित्झर्लंडमध्ये भरपूर बनली. त्यांत ज्वेल (झीज कमी करणारा कृत्रिम माणकाचा खडा) बहुधा एखादाच किंवा अजिबात नसतो, टिकटिक कर्कश असते आणि बहुतेक घड्याळजी त्यांना हात लावत नाहीत. चावीच्या साध्या घड्याळात १७ ज्वेल असले की पुरे. २५ ज्वेल म्हणजे अधिक चांगलं, हा जाहिरातींनी रुजवलेला समज आहे.

मापाचाही विचार आत्ताच करा. त्या काळची पुरुषांची घड्याळं साधारण ३३ ते ३६ मिलिमीटर व्यासाची असत, किल्ली न धरता. आजच्या ४२ मिलिमीटरची सवय असलेल्यांना ती हातात आल्यावर लहान वाटतात. ३४ मिलिमीटरचं वर्तुळ कागदावर कापून मनगटावर ठेवून बघा. पट्ट्याची जागा १८ मिलिमीटर असेल तर पट्टे सहज मिळतात, १७ किंवा १९ असेल तर शोधावे लागतात.

तपासा: कंपनी, मॉडेल, मशीनचा कॅलिबर क्रमांक, केसचा धातू आणि व्यास, हे सगळं तुम्हाला एका ओळीत लिहिता येतं का? येत नसेल तर अजून विकत घ्यायची वेळ आलेली नाही.

## टप्पा ३: अस्सल नमुने डोळ्यांत भरा

ठरवलेल्या मॉडेलचे वीस-तीस स्वच्छ फोटो जमवा. लिलावगृहांच्या जुन्या नोंदी, कंपन्यांचे त्या काळचे कॅटलॉग आणि छापील जाहिराती सगळ्यात उपयोगी. विक्रीला लावलेल्या घड्याळांच्या फोटोंवर विसंबू नका, त्यांत रंगवलेल्या डायलही मिसळलेल्या असतात आणि डोळा चुकीचाच तयार होतो.

प्रत्येक फोटोत ठरावीक गोष्टी बघा. कंपनीचं चिन्ह छापलेलं आहे की धातूचं बसवलेलं? अक्षरांची जाडी किती? ‘स्विस मेड’ सहाच्या आकड्याखाली नेमकं कुठे येतं? काट्यांचा आकार कोणता आणि मिनिटकाटा कुठवर पोहोचतो? किल्लीवर चिन्ह आहे का?

किंमत बघताना मागितलेली नव्हे, विकली गेलेली किंमत बघा. महिनोन्महिने पडून असलेल्या घड्याळावरची किंमत हा विक्रेत्याचा आशावाद असतो.

## टप्पा ४: विक्रेत्याला पाहण्याआधी त्याच्याकडून हे मागवा

1. दिवसाच्या उजेडात, समोरून सरळ काढलेला डायलचा फोटो.
2. दोन्ही बाजूंनी केस, चारही लग (केसचे पट्टा अडकवायचे कोपरे) आणि मागचं झाकण.
3. झाकण उघडून मशीनचा फोटो आणि झाकणाची आतली बाजू.
4. घड्याळ चालतानाचा, आवाजासकट छोटा व्हिडिओ.
5. व्यास, पट्ट्याच्या जागेचं माप आणि परत घेण्याच्या अटी, लेखी.

तिसऱ्या फोटोवर बरेच सौदे अडतात. ‘उघडायचं साधन नाही’ हे घरातलं एखादं घड्याळ विकणाऱ्याने म्हटलं तर समजू शकतं. जुनी घड्याळं विकण्याचाच धंदा असलेल्याने म्हटलं तर पुढचं घड्याळ बघा.

घड्याळाबरोबर गोष्टही येते: आजोबांचं होतं, कपाटात पडून होतं, एकदाही वापरलं नाही. गोष्ट खरी असेलही. पण गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत. खोका आणि कागदपत्रांचंही तसंच, दोन्ही वेगळी मिळतात आणि कोणत्याही घड्याळाशेजारी ठेवता येतात. कागदावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळला तरच त्यांना अर्थ. लॉन्जिन्ससारखी कंपनी क्रमांकावरून स्वतःच्या जुन्या नोंदी तपासून सांगते, ती सोय असेल तर वापरा.

## टप्पा ५: डायल, आणि इथे घाई नको

या टप्प्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. दहापट दाखवणारं भिंग घ्या. फोटोच असेल तर तो मोठा करून बघा.

कारखान्यातली छपाई भिंगाखालीही कडांना स्वच्छ दिसते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड, फुगलेली किंवा कडांना फुटलेली असतात, आणि एकाच शब्दातली दोन अक्षरं सारख्या उंचीची नसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का ते बघा. बारा, तीन, सहा, नऊ या चार ठिकाणी जरी पाहिलं तरी चूक उघडी पडते. तारखेच्या खिडकीची कड रंगाने बुजली आहे का? धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचला आहे का? मूळ डायलवर बारीक नक्षी असेल तर ती रंगाखाली बोथट झाली आहे का? सहाखालचं ‘स्विस मेड’ गायब असेल, वाकडं असेल किंवा काठाखाली अर्धं गेलं असेल, तर टप्पा ३ मधल्या फोटोंशी ताडून बघा.

आणि रंग. साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळावर चकाकता निळा, केशरी किंवा दोन रंगांची डायल दिसली आणि त्या मॉडेलच्या एकाही जुन्या कॅटलॉगात ती नसेल, तर ती अलीकडे रंगवलेली आहे. ‘दुर्मीळ रंग’ या शब्दांना भुलू नका.

अंधारात चमकणाऱ्या लेपाची परीक्षा वेगळी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम आलं आणि ते १९९० च्या दशकापर्यंत राहिलं. ट्रिटियमच्या डायलवर सहाच्या आकड्याजवळ बऱ्याचदा ‘टी स्विस टी’ असं दिसतं. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे पन्नास वर्षांत त्याचा साधारण सोळावा हिस्सा उरतो. असा लेप आपणहून चमकत नाही. टॉर्च मारली तर फार तर क्षणभर मंद दिसून विझतो. जुन्या घड्याळाचे काटे हिरवेगार आणि बराच वेळ चमकत राहिले तर लेप नवा आहे. डायलवरचा लेप पिवळसर तपकिरी आणि काट्यांवरचा पांढरा असेल, तर काटे बदललेले आहेत किंवा पुन्हा भरलेले आहेत.

सावधान: रेडियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६०० वर्षं आहे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. अशा डायलचं घड्याळ घरी उघडू नका, लेप खरवडू नका, त्याची भुकटी फुंकू नका. पहिलं घड्याळ लेपाशिवायचं घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही.

डाग कितपत चालतील? सगळीकडे सारखा पसरलेला मलईसारखा पिवळेपणा चालतो, मला तर आवडतो. काठाकडून आत सरकलेले काळपट डाग, उकललेला रंग, काट्यांवर गंजाचे ठिपके असं सगळं एकत्र दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे आणि मशीनलाही त्याचा वाटा मिळालेला असणार.

डायल स्वतः पुसायचा प्रयत्न करू नका. छापलेली अक्षरं ओल्या कापसाबरोबर निघून येतात.

## टप्पा ६: केस, काच, किल्ली

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असेल तर शेवटचा शब्द नीट वाचा. फक्त झाकण स्टीलचं आहे. बाकी केस मुलामा दिलेल्या हलक्या प्रतीच्या धातूची असते, आणि लगच्या टोकांवर, किल्लीशेजारी मुलामा उडून खालचा पिवळा धातू दिसतो. विक्रेते याच केसला बिनदिक्कत ‘स्टील’ म्हणतात. सोनेरी केसवर ‘२० मायक्रॉन’ असा शिक्का असेल तर तो सोन्याच्या मुलाम्याची जाडी सांगतो. केस भरीव सोन्याची नाही, हेही त्यातूनच कळतं.

स्टीलच्या केसवर ओरखडे असले तरी चालतील, जास्त पॉलिश नको. लगच्या कडा गोलसर झाल्या असतील, चारही लग एकसारखे जाड नसतील, झाकणावरची अक्षरं पुसट असतील, तर धातू घासून गेलेला आहे. तो परत येत नाही.

काचेची चिंता करू नका. ती बहुतेक ॲक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिशच्या पेस्टने निघतात आणि तडा गेला तर बदलता येते. ओमेगाच्या मूळ ॲक्रिलिक काचेच्या मध्यभागी कंपनीचं अगदी बारीक चिन्ह असतं. ते असलं तर उत्तम, नसलं तर घासाघीस करायला एक मुद्दा. बदललेल्या किल्लीचंही असंच.

## टप्पा ७: मशीन

झाकण उघडल्यावर कॅलिबर क्रमांक शोधा. तो बहुधा बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा शेजारी असतो, तिरक्या उजेडात दिसतो. तो तुमच्या यादीतल्या मॉडेलशी जुळायला हवा. मग स्क्रूंच्या खाचा बघा. त्या चावलेल्या, फाटलेल्या असतील तर अननुभवी हात फिरलेला आहे. एका ब्रिजचा (चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीचा) रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तर तो दुसऱ्या घड्याळातून आला असण्याची शक्यता आहे. किल्लीच्या दांड्याजवळ तपकिरी गंज दिसला तर तिथून ओल शिरलेली आहे. ऑटोमॅटिक असेल तर झाकणाच्या आत किंवा मशीनवर अर्धवर्तुळाकार घासल्याच्या खुणा शोधा, रोटरची (आपोआप चावी देणाऱ्या फिरत्या वजनाची) धुरा झिजली की तो घासतो. झाकणाच्या आत सुईने कोरलेले बारीक आकडे दिसले तर घाबरू नका, त्या जुन्या घड्याळजींच्या नोंदी असतात.

घड्याळ हातात मिळालं तर चावी द्या. फिरवताना ती मध्येच सटकू नये, शेवटी ठामपणे थांबावी. ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ बहुधा तेल वाळलं आहे किंवा मळ साचला आहे. मग किल्ली ओढून काटे पुढे फिरवा: अडखळू नयेत, एकमेकांना लागू नयेत, तारीख पूर्ण सरकावी.

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असेल तर पूर्ण चावी देऊन मोजा. तीन आकडे दिसतात. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, हा पहिला. सगळे त्यालाच बघतात आणि तोच सगळ्यात कमी सांगतो, कारण रेग्युलेटरची (वेग कमी-जास्त करणारी) पट्टी किंचित सरकवून विक्रेता तो हवा तसा आणू शकतो. दुसरा आकडा अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश झुलतं. डायल वर ठेवून २७० ते ३०० असेल तर छान, २३०-२५० चालण्यासारखं, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग अटळ. तिसरा बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या वेळेतला फरक, तो १ मिलिसेकंदाच्या आत असावा.

हे सगळं डायल वर, डायल खाली आणि किल्ली खाली अशा तीन स्थितींत मोजा. स्थिती बदलली की वेग फार बदलत असेल तर ती पट्टी सरकवून झाकता येणारी गोष्ट नाही.

तपासा: टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (अँप्लिट्यूड काढण्यासाठी यंत्राला द्यावा लागणारा, मशीननुसार बदलणारा कोन) त्या मशीनचा लावला आहे का? बहुतेक यंत्रांवर मुळात ५२ अंश असतो, ओमेगाच्या ३० मिलिमीटर मशीनला ४९ लागतो. चुकीच्या कोनावर अँप्लिट्यूडही चुकीची दिसते.

घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावत असेल तर लगेच नाकारू नका. हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलची केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकीय झाली असेल तर चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राने काही सेकंदांत ठीक होते. मात्र ते विक्रेत्यासमोर करून बघा, अंदाजावर पैसे देऊ नका.

## टप्पा ८: सौदा

भाव करताना दोषांची यादी लेखी ठेवा आणि एकेक दोष सांगा: किल्ली बदललेली, अँप्लिट्यूड कमी, काचेला तडा. वर जायची मर्यादा आधीच ठरवा. ‘दुसरा एक जण विचारतोय’ हे वाक्य ऐकू येईल. विचारू दे. ही मशीन लाखोंनी बनलेली आहेत.

पैसे अशा मार्गाने द्या, ज्यात तक्रार केली तर ते परत मिळवता येतात. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि विम्यासह पाठवणीचा खर्च घड्याळाच्या सहा भागांत धरा, सर्व्हिसिंगच्या तीन भागांत नव्हे.

## टप्पा ९: हातात आल्यावर

परत करण्याची मुदत संपण्याआधी घड्याळ घड्याळजीकडे न्या. बहुतेक जण ते आठवडाभर हौसेने घालतात आणि मुदत संपल्यावर जातात. त्याने उघडून पाहिलं, वर्णन जुळलं, तरच ठेवा.

सर्व्हिसिंगला देताना तीन सूचना कागदावर लिहून द्या: केसला पॉलिश करू नये, डायलला हात लावू नये, बदललेले जुने भाग परत द्यावेत. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि कौतुकाने चकाचक केलेली केस परत येते.

रोजच्या वापरात पाणी पूर्ण वर्ज्य. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी ते नवं असतानाचं वचन होतं. तारीख झटपट बदलण्याची सोय असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत ती वापरू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात मोडतो. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडत असेल तर तक्रार करू नका, या वयाच्या घड्याळाला तो शोभतो.

पट्टा बदलताना जुने स्प्रिंगबार (पट्टा लगमध्ये धरून ठेवणाऱ्या दांड्या) परत लावू नका. ते आतून गंजलेले असतात, अगदी किरकोळ किमतीत नवे मिळतात, आणि घड्याळ जमिनीवर पडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.